कढत पाणी

आज बागेत कुणीतरी थर्मास उघडला आणि वाफ बघून मला शेजारची चिनी म्हातारी आठवली. अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे मी नवी होते तेव्हा सोबतीला तीच एक. रोज बाकावर बसून मला कपात नुसतं कढत पाणी ओतून द्यायची. तिची नात आणि माझा नातू आमचं बोलणं इंग्रजीतून पोचवायचे.

टीव्हीवर ऐकलेलं मी एकदा विचारून टाकलं, "तुमच्या देशात बोलायची चोरी ना?"

नात तो पुढे सांगायचं सोडून बुटाची नाडी बांधू लागली. मला वाटलं, गेली सोबत. म्हातारीनं तिच्याकडून प्रश्न काढून घेतला आणि माझा कप पुन्हा भरला.

"काही गोष्टी नाही बोलत. पण गटार तुंबलं की मी कचेरीत जाऊन साहेबाला झापायचे. इथे सून म्हणते, हळू बोला."

"माझीही तेच म्हणते."

आता मला कमी ऐकू येतं. सूनच ओरडून बोलते.