कॅसेटमधला घोडेस्वार

मंडळी, आधीच सांगून ठेवतो – भूत, भानामती, करणी, उतारा... यातल्या एकाही गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही. तिठ्यावर उताऱ्याचं लिंबू दिसलं तर मी ते उचलून सरबत केलेलं आहे. आणि उताऱ्याच्या नारळाची चटणी तर... अहाहा! आयुष्यात मी एकाच अदृश्य शक्तीला घाबरत आलो, ती म्हणजे पिक्चर ट्यूबचं हाय व्होल्टेज. टीव्ही बंद करा, वायर उपटा, तरी ते आत दबा धरून बसलेलं असतं. बोट लागलं की माणूस समोरच्या भिंतीवर! त्यापुढे हडळ म्हणजे अगदी सालस बाई.

तर आता जे सांगणार आहे ते मला स्वतःला पटत नाही. पण घडलं. माझ्याच दुकानात, भर दुपारी.

नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. गाव डिंगोरे, तालुका जुन्नर. कल्याण-नगर रस्त्याला लागून माझं टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला सलून. त्यामुळे दुरुस्तीला आलेल्या टीव्हीत पीठ आणि केस दोन्ही निघायचे. पुण्याच्या माझ्या आतेभावाने घरातली अडगळ म्हणून इंग्लंडमध्ये बनलेला एक जुना होम कॉम्प्युटर मला दिला. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर नुसता रबरी बटणांचा एक चपटा डबा. पडदा टीव्हीचा जोडायचा, आणि गेम भरायचा टेपरेकॉर्डरवरून, साध्या गाण्यांच्या कॅसेटसारख्या कॅसेटमधून. कॅसेट लावली की पाच-सात मिनिटं नुसती किंचाळी – कीईईई... खर्रर्रर्र... गिरणीवाला म्हणायचा, "भाऊ, डुक्कर कापताय का?"

त्यात एकच गेम चालायचा, पण काय गेम! चिलखत घातलेला घोडेस्वार, हातात भाला. समोरून शत्रू येतोय, भाला छातीत, रक्ताची चिळकांडी, मुंडकं उडून पडद्याबाहेर. पुढचा! रक्त जांभळ्या रंगाचं होतं, पण आम्ही समजून घ्यायचो.

या गेमचा खरा भक्त म्हणजे माझा जिवलग मिलिंद. वाळक्या कारवीच्या काठीसारखा, पण अंगात वीज. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांच्या शर्यती कशा होतात ते बाहेरच्यांसाठी सांगतो. चढाच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. गाड्याला चार बैल. आणि त्यांच्या पुढे एक घोडी पळवायची, म्हणजे तिच्यामागे बैल जीव तोडून धावतात. त्या घोडीवरचा स्वार म्हणजे मिलिंद. घोडी त्याची स्वतःची, चांदणी. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, आणि तो ठिपका एका बाजूला कललेला. घोडी पडली किंवा स्वार पडला, तर मागून चार बैल आणि गाडा... पुढचं सांगायला नको.

गेम मोठा होता, एका बैठकीत संपायचा नाही. आणि आमची वीज म्हणजे पाहुणी! म्हणून जिथे पोचलो तिथे गेम कॅसेटवर सेव्ह करून ठेवावा लागायचा. एके दिवशी मिलिंद अगदी शेवटच्या शत्रूपर्यंत पोचला आणि दुकानात एकही कोरी कॅसेट नाही. मिलिंद घरी पळाला आणि आदल्या वर्षीची लोणी गावच्या घाटातली कॅसेट घेऊन आला. घाटातल्या निवेदकाचा, म्हणजे लाऊडस्पीकरवरून शर्यत सांगणाऱ्या अण्णांचा आवाज त्याने माझाच टेपरेकॉर्डर नेऊन भरला होता. त्यात चांदणीच्या गाड्याचा पहिला नंबर आलेला.

"अरे, हे पुसलं जाईल," मी म्हटलं.

"पुसू दे की थोडं. जीत बी माझी, गेम बी माझा. एका कॅसेटीत नांदतील."

पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या खिट्ट्या त्याने मोडलेल्या होत्या. त्या भोकांवर त्यानेच सेलोटेप चिकटवला आणि सेव्ह केलं. सुरुवातीची काही मिनिटं पुसली गेली, पुढे अण्णांची शर्यत तशीच राहिली.

आता चित्राची गंमत. कॉम्प्युटरची वायर टीव्हीच्या अँटेनात घातली की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. शत्रू आहे की झुडूप, कळायचं नाही. मी कारागीर माणूस, मला हे कसं सहन होणार! एका सकाळी डबा उघडला, आतली चकचकीत पत्र्याची डबी – जी चित्राचं टीव्ही चॅनल करून पाठवते ती – वगळली आणि चित्राची तार थेट काढून दुरुस्तीला आलेल्या एका रंगीत टीव्हीच्या व्हिडिओ-इनमध्ये घातली. काय सांगू! काच पुसल्यासारखं चित्र. एकेक ठिपका मोजून घ्या.

दुपारी मिलिंद आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावच्या यात्रेत घाट होता, गाडामालकाला त्याने शब्द दिलेला. म्हणाला, "आज शेवटच्याला लोळवतो अन् उद्या घाटात पहिला नंबर काढून फळी फोडतो." कॅसेट लावली. किंचाळली. चित्र आलं.

"आयला, सुऱ्या..." तो पुढे सरकला. "घोडं बघ."

काळ्या घोड्याच्या कपाळावर तीन-चार पांढरे ठिपके. एका बाजूला कललेले.

"मुंग्यांमुळं दिसत नव्हतं इतके दिवस," मी म्हणालो. "इंग्लंडात बी चांदणीचं नाव हाय म्हण की!"

दोघंही हसलो. त्याने अजून बटणाला हातही लावला नव्हता... आणि घोडा पळायला लागला. शत्रू नव्हताच समोर. घोडा एकटाच पळत होता. मग पुढचे पाय दुमडले, स्वार डोक्यावरून खाली आला, आणि मागून चार काळे ठोकळे आले – एका रांगेत, जोडीजोडीने. ते स्वारावरून गेले. जांभळं रक्त सबंध पडद्यावर.

मंडळी, त्या गेममध्ये मागून कोणी येतच नाही. आख्खा गेम मला पाठ होता.

पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मिलिंदने दोन्ही हातांनी बटणं दाबून धरली, तरी तेच. मला वाटलं टेपचा हेड घाण झालाय, म्हणून आवाज ऐकायला मी टेपरेकॉर्डरमधून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरीचा प्लग उपटला. प्लग काढला की आवाज स्पीकरमधून येतो. कॅसेट फिरतच होती, गेम संपून पुढे अण्णांची शर्यत लागली होती.

"झाली... झाली... झाली... भिर्रर्रर्र! आली काळी घोडी... चांदणी आली... अरे धरा! धरा! घोडी गेली! मिलिंदा खाली गेला! अरे बैलं आवरा... मिलिंदाला उचला रे!"

आणि माणसांचा ओरडा. मग नुसती खरखर.

गिरणी चालू होती, सलूनमध्ये कात्री वाजत होती, बाहेर लख्ख ऊन. आणि आम्ही दोघं त्या टेपरेकॉर्डरकडे बघत उभे.

"यात तर पहिला नंबर व्हता..." मिलिंद म्हणाला. मीही ऐकलेलं होतं ते. गुलाल, हलगी, सगळं.

मी म्हणालो, "उद्या तू बसायचं नाही."

तो एकदम ताठ झाला. "का?"

"का म्हणजे? ऐकलंस ना!"

"सुऱ्या, आमच्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला तवा घरातले देव-भुतं सगळी मीना नदीत सोडली. अन् मी तुझ्या डबड्याचं ऐकून घरी बसू? लोक काय म्हणतील? मिल्या टेपला भ्याला!"

"अरे, मी पण मानत नाही!"

"मग सोड हात."

मंडळी, इथे माझी पंचाईत बघा. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही तिच्यासाठी मी जिवलग मित्राच्या आडवा पडलो होतो. तो दाराकडे निघाला, मी मागून मिठी मारली. त्याने कोपर मारलं, माझ्या ओठातून रक्त. मी त्याला गिरणीच्या भिंतीवर आदळलं, फळीवरचे रेडिओ धडाधड खाली. त्याने माझे केस धरून डोकं काउंटरवर आपटलं – एकदा, दोनदा. मला चांदण्या दिसल्या, सगळ्या कललेल्या! तो माझ्या छातीवर बसून ओरडत होता, "सोड म्हंतो ना!" माझ्या हाताला लोखंडी स्टॅबिलायझर लागला. मी तो फिरवला. कट्ट! त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मला हातात कळलं. तो मागे कोसळला तो टीव्हीवर, आणि ट्यूब फुटली. पिक्चर ट्यूब फुटते तेव्हा नुसती फुटत नाही, तोफ उडते. आख्ख्या दुकानात काचेचा पाऊस. माझ्या गालात एक तुकडा रुतला, त्याची खूण अजून दाखवतो पोरांना.

सलूनमधून अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक धावत आलं. "आरं काय झालं?"

मिलिंद कण्हत म्हणाला, "काय न्हाई... गेम खेळत व्हतो."

ओतूरच्या डॉक्टरांनी त्याचा हात गळ्यात बांधला. घोडीवर बसायचा प्रश्नच मिटला. रक्ताळलेला ओठ घेऊन मी मनात म्हटलं, जिंकलो!

दुसऱ्या दिवशी मिलिंद माझ्याशी एक शब्द बोलला नाही, पण घाटात माझ्याच शेजारी उभा राहिला. गाडामालकाने दुसऱ्याची घोडी स्वारासकट आणली होती. मिलिंदने सोबत आणलेली चांदणी वर, धावपट्टीच्या कडेला बाभळीला बांधलेली. दुपारचं ऊन, घाटाच्या दोन्ही बाजूंना माणूस. गाडा जुंपला. अण्णांचा आवाज आला, "झाली... झाली... झाली... भिर्रर्रर्र!"

ती हाक ऐकून चांदणीने हिसडा दिला. दावं तुटलं. ती सरळ घाटात उतरली आणि बैलांच्या पुढे सुटली. दुसरी घोडी बुजून बाजूला गेली. मोकळी घोडी, पाठ रिकामी... मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो, रिकामी पाठ. निम्म्या चढावर तिचे पुढचे पाय दुमडले.

चार बैल आणि गाडा तिच्यावरून गेले. हाडांचा आवाज भोंग्याच्या वर ऐकू आला. एक बैल उलटा पडून तिच्या पोटात शिंग घालूनच थांबला.

आणि भोंग्यातून अण्णा ओरडत होते – "धरा! धरा! घोडी गेली! मिलिंदा खाली गेला! अरे बैलं आवरा... मिलिंदाला उचला रे!"

मी शेजारी बघितलं. "अण्णा चुकले, राव," असं म्हणणार होतो. मिलिंद तोंड उघडं टाकून उभा होता. मग कोणीतरी मागून ढकलल्यासारखा तो पालथा पडला. एकदा नाही – पडल्या जागी त्याचं अंग चारदा दबलं. नाका-तोंडातून रक्त आलं. त्याच्या अंगाजवळ कोणी नव्हतं. मी होतो, आणि माझे दोन्ही हात माझ्याच डोक्यावर होते.

आम्ही त्याला जीपमध्ये घालून नारायणगावला नेलं. डॉक्टरांनी शर्ट कापला आणि पाठ बघून माझ्याकडे वळले. "गाड्याखाली आला का?"

पाठभर दुभंगलेल्या खुरांचे काळेनिळे ठसे उमटले होते. तीन बरगड्या मोडलेल्या. शर्टावर मात्र साधी धूळही नव्हती.

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, हे ठसे ज्या जोराचे वाटतात त्या जोराने बैल खरंच गेले असते तर माणूस उरला नसता. काहीतरी कमी पडलं, असं ते म्हणाले. काय कमी पडलं ते मला विचारू नका.

नंतर मी अण्णांना गाठलं. ते चिडलेच. "भाऊ, आमी आंधळे हाये का? काळ्या घोडीवर मिलिंदा व्हता. दोनी हातानं लगाम धरला व्हता." दोनी हातानं! त्याचा एक हात तर गळ्यात बांधलेला होता. उचलायला धावलेल्या चौघांनीही तेच सांगितलं – स्वार पडताना दिसला, जवळ गेलो तर नुसती घोडी.

बरगड्या जुळल्यावर मिलिंदच म्हणाला, कॅसेट एकदा लाव. दुसरा टीव्ही जोडला. चित्र तितकंच स्वच्छ. सुरुवातीची जागा, स्वार घोड्यावर बसलेला, स्थिर. घोड्याच्या कपाळावर एकही पांढरा ठिपका नव्हता. मिलिंदने बटणाला हात लावला नाही, आणि प्लग काढून पुढचा आवाज ऐकायची छाती माझी झाली नाही. मी मेन स्विच बंद केला.

कोणी म्हणालं, टेपवर जुने आवाज मिसळले असतील. कोणी म्हणालं, धक्क्याने पाठीवर रक्त साकळलं असेल. खुरांच्या आकारात? बरं बाबा, असेल. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि अजूनही माझा भुतांवर विश्वास नाही. लिंबाचं सरबत आजही करतो.

कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. कॅसेट आहे. फोडावी म्हटलं, पण मिलिंद फोडू देत नाही. सेव्ह केलेला गेम म्हणजे तो कुठेतरी थांबून राहिलेला असतो, आणि पुसला की काय होतं हे आम्हाला माहीत नाही. मधे टेपला पांढरी बुरशी लागली. त्या वर्षी मिलिंदला खोकला सुटला तो सुटेचना. तेव्हापासून दर वर्षी यात्रेच्या आदल्या दिवशी तो दुकानात येतो. आता डोक्यावर टक्कल, दारात टोमॅटोची गाडी, नातवंडं. घोड्यावर पुन्हा कधी बसला नाही. खुर्ची ओढतो, कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालतो आणि टेप एकेक वेढा फिरवत कापसाने पुसत बसतो.

"लवकर आटप की, चहा गार होतोय," मी म्हणतो.

तो मान वर करत नाही. "दमानं घे, राव," म्हणतो. "आत मी हाय."