सरांचा सरकारी वाचक

मी निकम सरांचा ब्लॉग रोज वाचायचो, कारण ती माझी ड्यूटी होती.

काल फलटणला सर गेले. ग्रुपवर सगळे लिहितायत, दिलदार माणूस, हाडाचा शिक्षक. सगळं खरं आहे.

मला मात्र दुसरंच सांगायचंय. आज नाही सांगितलं तर माझ्याच्यानं ते कधीच होणार नाही.

रिटायर व्हायच्या आधी मी पोलिसात हवालदार होतो. शेवटची बरीच वर्षं गोपनीयला. नाव ऐकून माणसं दचकतात, पण काम साधं असतं. कुठं सभा आहे, कोण काय बोललं, कोण काय लिहितंय, ते बघायचं आणि वर कळवायचं.

सर शाळेत पीटी शिकवायचे, मुलींना बेसबॉल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात ब्लॉग लिहायचे.

एके दिवशी साहेबांनी बोलावलं. "त्यो पीटीचा मास्तर काय बाय लिहितोय रं. जरा नजर ठेव."

ठेवली.

राजकारणावर लिहिताना सर कुणालाच सोडायचे नाहीत. सगळ्या पक्षांना सारखंच धुवायचे. त्यामुळे हा माणूस नेमका कुणाचा म्हणून रिपोर्टमध्ये लिहावं, ते मला कळायचं नाही.

चौकात कॅमेरे लागले तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, "पारावरची म्हातारी माणसं पण येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची. पण त्यांना थांबून विचारता यायचं, का बघताय म्हणून. कॅमेऱ्याला कुठं विचारायचं?"

मी त्याची प्रिंट काढून फाइलला लावली. आणि घरी जाऊन बायकोलाही वाचून दाखवली.

बेसबॉल मला आधी क्रिकेटच वाटला होता. त्यांच्या पोस्ट समजाव्यात म्हणून साध्या कपड्यात ग्राउंडवर जायला लागलो. ग्राउंडला लागून ऊस. उसात गेलेला बॉल तोड आल्यावरच मिळायचा.

एक बारकी पोरगी कॅचर होती, म्हणजे बॅटवालीच्या मागं बसून बॉल झेलणारी, उज्ज्वला. बॉल आला की डोळे मिटायची.

सर तिला म्हणाले, "बॉल कवा ना कवा लागणारच हाय. डोळं उघडं ठिवून लागू दे."

मी तिथं उगीचच हसलो. मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू.

मग पोरींची परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली. कोच म्हणून सर जाणार होते. पासपोर्टचे अर्ज पडताळणीला आमच्याकडं आले.

साहेबांनी विचारलं, "ह्या मास्तरचं काय करायचं?"

मी म्हणालो, "माणूस चांगला हाय साहेब."

"चांगला असंल. पण उद्या काय झालं तर तुझ्या-माझ्या अंगावर येईल. लिहून टाक."

मी लिहिलं. "शासनाविरुद्ध लिखाण करतो. सविस्तर चौकशी व्हावी."

मला कुणी धमकी दिली नव्हती. बदलीची भीतीसुद्धा दाखवली नव्हती. मी नुसतं स्वतःचं अंग वाचवलं.

चौकशी रखडली. पोरी सरांशिवाय गेल्या.

मला खात्री होती, आता ब्लॉगवर आपली धुलाई होणार. रोज उघडून वाट बघत होतो. आठवड्यानं पोस्ट आली. पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणारीच्या, कोपराची काळजी कशी घ्यावी, यावर.

पासपोर्टबद्दल एक अक्षर नाही. तेव्हाही नाही, पुढंही नाही.

पोरींना त्यांनी काय सांगितलं ते मला फार उशिरा कळलं. "अर्ज द्यायचं माझ्याच ध्यानातनं राहिलं गं." पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या पोरी. आपल्या सरांच्या मागं पोलीस आहेत हे डोक्यात घेऊन त्यांनी जाऊ नये, म्हणून.

रिटायर होऊन मी तासगावला आलो. ग्राउंडवर सरांशी ओळख झालीच होती, दर हंगामात बेदाण्याचा एक बॉक्स घेऊन फलटणला जायचो. पोरी मला बेदाणे काका म्हणायला लागल्या. सर ओळख करून द्यायचे, "हे माझं सगळ्यात जुनं वाचक." मी मान खाली घालायचो. त्यांना वाटायचं, लाजतोय.

एकदा धीर करून सुरुवात केली होती. "सर, ते तुमच्या पासपोर्टचं..."

"आवं जाऊ द्या वो ते. च्या घ्या, गार होतोय."

अडवणारा मीच, हे त्यांना माहीत होतं का? मला आजही सांगता येत नाही. मी चहा पिऊन उठलो, एवढं खरं.

काल स्मशानात उज्ज्वला भेटली. आता तीही पीटी टीचर आहे. रडून रडून डोळे सुजले होते.

उजव्या हाताचं वाकडं बोट दाखवून म्हणाली, "काका, हे तिकडं मोडलं. सोबतच्या मॅनेजरला खेळातलं काय कळत न्हवतं. तसंच खेळायला लावलं. सर असते तर त्यांनी मला बाहेर बसवलं असतं. एक अर्ज येळेत दिला असता तर... लय राग हाय मला त्याचा. आज तर जायला पायजे होता, पण न्हाई गेला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो ठेवताना माझी मलाच लाज वाटली.

उज्ज्वला, बाळा, हे तुला तिथंच सांगायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही.

सर काहीही विसरले नव्हते. त्यांचा अर्ज तुम्हा पोरींच्याही आधी आला होता. मी तो माझ्या हातानं घेतला, आणि माझ्याच हातानं अडवला.

तुझ्या बोटाला मी जबाबदार आहे.

सरांवर रागवू नकोस. ही पोस्ट बाकीच्या पोरींनाही वाचून दाखव. यापुढं मला काका म्हणायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

निकम सर, तुमच्या हयातीत माफी मागायचं धाडस झालं नाही. आज सगळ्यांसमोर मागतो.

शेवटचा नमस्कार.