चिप्सच्या दुकानातलं चोचारिया

आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या ट्रलीत मी राहते ते घर एका चिप्सच्या, म्हणजे तळलेल्या बटाट्यांच्या आणि माशांच्या दुकानावर आहे. दोन खोल्या, आणि पडद्यांना कायमचा बसलेला तळणीचा वास. माझं काम सॉफ्टवेअरचं, बहुतेक दिवस घरूनच. खालचं दुकान एका इटालियन कुटुंबाचं आहे. चालवतो मुलगा, तोही आता साठीला आलेला. त्याची आई ऐंशीच्या पुढची. ती दुपारभर काउंटरशेजारच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांची विचारपूस करायची. सगळे तिला नॉना म्हणत, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी.

आयर्लंडमधल्या चिप्सच्या बऱ्याच जुन्या दुकानांचे मालक रोमच्या दक्षिणेला असलेल्या एकाच डोंगराळ मुलखातून आलेत, हे मला नॉनानंच सांगितलं. त्या मुलखाचं नाव चोचारिया. तिथले धनगर कातड्याचा तुकडा पावलाला गुंडाळून त्याच्या वाद्या पोटरीपर्यंत बांधायचे. त्या पायताणाला चोचे म्हणत, त्यावरून मुलखाचं नाव पडलं. “आमच्या अख्ख्या मुलखाची ओळख म्हणजे पायताण,” असं म्हणून ती हसायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आता तिचं इंग्रजी अस्सल केरीचं होतं, पण बटाट्यांना शिव्या मात्र ती गावच्या बोलीतच द्यायची.

माझे वडील गेल्यावर मी आईला इकडे आणलं. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. मोकळे माळ, बोडके डोंगर, आणि पाण्याची कायमची मारामार. आईचं सगळं आयुष्य तिथंच गेलेलं. मी मनात ठरवून टाकलं होतं की तिला आता इथंच ठेवायचं. तिला विचारलं मात्र नव्हतं. आली तशी ती खिडकीत बसून पाऊस बघत राहायची. “एवढं पाणी वाया चाललंय,” एवढंच कधीतरी म्हणायची.

एकदा मी तिला खाली दुकानात घेऊन गेले. काउंटरमागच्या फळीवर तांब्याचं एक भांडं होतं. कमरेत बारीक, दोन्ही बाजूंना कान, तोंड पसरट. मी ते वर्षभर बघत होते, शोभेची वस्तू समजून. आईनं मात्र ते पाहिलं आणि थेट नॉनाला विचारलं, “पाण्याचं हाय न्हवं?”

नॉनाला मराठी कळायचं कारण नव्हतं, तरी तिनं मान हलवली. आईनं काउंटरवरचा कोरडा पंचा उचलला, पीळ देऊन गोल वळवला, चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. मग भांड्याकडे बोट दाखवलं. नॉनाच्या मुलानं घाबरत घाबरत ते खाली काढून दिलं. आईनं ते दोन्ही हातांनी उचलून चुंबळीवर ठेवलं, हात सोडले आणि दुकानाच्या दारापर्यंत चालून परत आली. मान ताठ, पदर जागच्या जागी. चिप्ससाठी रांगेत उभ्या असलेल्या शाळेतल्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या.

नॉना मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिनं चुंबळीला हात लावला आणि त्यांच्याकडचा शब्द उच्चारला. मला काही तो नीट म्हणता आला नाही. मग म्हणाली, “आमचा झरा खाली, घर वर. दिवसातून कितीदा चढायचो, देव जाणे.”

मी आईला ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, “तिला म्हणावं, आमची हीर बी खालीच हुती.”

तेव्हापासून दोघी रोज बसायला लागल्या. मी वर मीटिंगमध्ये असले की दुभाषा कुणी नसायचा, पण त्यावाचून त्यांचं अडत नव्हतं. आई माणदेशीत बोलायची, नॉना तिच्या डोंगराच्या बोलीत. वसंत सुरू झाला तेव्हा मागच्या गल्लीत पिवळ्या फुलांचं रान माजलं. आई वाकून पानं खुडायला लागली. “अगं, ही तर पाथरीच की!” पाथरी नव्हती ती, तिची इथली बहीण असावी. नॉनाला ती भाजी चांगली ठाऊक होती. तिनं ती लसूण, तेल आणि पांढऱ्या वालासारख्या दाण्यांबरोबर परतली. आईनं दुसऱ्या दिवशी पीठ पेरून केली. दोघींनी एकमेकींची चाखली आणि आपापलीच बरी, असं ठरवलं.

नॉनाकडून मी तो मुलूख ऐकत गेले. चुनखडीचे पांढरे डोंगर, उतारावर ऑलिव्हच्या बागा, टेकडीच्या टोकाला चिकटलेली गावं. नाताळाच्या आधी डोंगरातून उतरून दारोदार बॅगपाइपसारखी पिशवीची सनई वाजवणारे धनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सगळं गाव वर गुहांमध्ये जाऊन राहिलं होतं. ती तेव्हा अगदी लहान, तिला फक्त बकरीच्या अंगाची ऊब आठवत होती.

दर ऑगस्टमध्ये दुकान बंद करून ते सगळे गावी जात. त्या वर्षी मुलाच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि जाणं रद्द झालं. नॉना जेवेना. आईनं मला बाजूला घेतलं.

“तू जा तिच्यासंगं.”

“तू एकटी राहशील? तुला नेता येत नाही, आई. तुझा व्हिसा इथलाच आहे.”

“मला कुठं यायचंय? मी तिच्या पोराला गरम घालते दोन येळ. तू तिला ने.”

तर मी गेले. ट्रलीहून रेल्वेनं डब्लिन, तिथून रोम, पुढं गाडी. नॉनानं सांगितलं होतं त्याहून तो मुलूख रखरखीत निघाला. ऑगस्टचं ऊन, वाळलेलं पिवळं गवत, आणि त्यात राखी-हिरवे ऑलिव्ह. एका गावाबाहेर चुन्याशिवाय रचलेली प्रचंड दगडांची तटबंदी होती. रोमच्याही आधीची, असं नॉना म्हणाली. मला आपले गड आठवले. तिच्या गावच्या चौकात आयरिश नंबराच्या गाड्या उभ्या होत्या, आणि आइस्क्रीम खाणारी पोरं डब्लिनच्या हेलात भांडत होती. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि त्याचंच नवल वाटलं.

झऱ्याशी मी आईला व्हिडिओ कॉल लावला. दगडी तोंडातून पाणी अजून पडत होतं. मी आईला ते दाखवत होते, तेवढ्यात ती ओरडली, “आधी तिला सावलीत बसव! म्हातारीला उन्हात उभी केलीस व्हय?”

नॉनाची धाकटी बहीण विधवा होती, गावात एकटीच राहायची. आम्ही तिच्याकडेच उतरलो होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघी ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. नॉना माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू जा उद्या. मी राहते.”

“किती दिवस?”

“राहते.”

मुलगा फोनवर आधी चिडला, मग रडला. “तिथं तिची औषधं कोण बघणार?” मीही समजूत घालून पाहिली. ती शेंगा सोलत राहिली. परतीच्या विमानात शेजारची जागा रिकामी होती आणि मला सारखी आईला काय सांगायचं याची काळजी लागली होती. तिची एकुलती मैत्रीण मी तिकडं सोडून आले होते.

आईनं ऐकून घेतलं. नवल वाटल्यासारखं काही दिसलं नाही.

“बरं केलं तिनं,” म्हणाली. मग कणीक मळता मळताच, “माझं बी तिकीट बघ.”

“तिथं कोण आहे, आई? इथं काय कमी आहे?”

“कमी काय बी न्हाई. तू लई करतीस माझं. पर मी हितं कुणाची तरी आई हाय, एवढंच हाय. तितं मी नुसती मी असते.”

वर्षभर मी तिला माझ्या आयुष्यात बसवत होते, आणि ते किती प्रेमानं करतेय याचं मला कौतुकही होतं. सप्टेंबरात ती गेली.

नॉना डिसेंबरात परत आली. बहिणीशी कडाडून भांडण झालं होतं, घर गारठलं होतं, आणि सगळे फक्त मेलेल्यांबद्दलच बोलतात, अशी तिची तक्रार. “पाहून झालं,” म्हणाली आणि खुर्चीत बसली. मुलगा दिवसभर गुणगुणत मासे तळत होता.

मी आईला फोन करून सांगितलं. ती पोट धरून हसली. किती दिवसांनी ऐकलं मी ते हसणं.

“मग तू?” मी धीर करून विचारलं. “तू येशील परत?”

मागे बैलाच्या गळ्यातलं घुंगरू वाजत होतं, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

“बघू,” ती म्हणाली. “जवारी निघूंदे. मग बघू.”