पाचव्या चॅनेलवरची रक्षा

रक्षाला गिटार वाजवता येत नव्हती, हे मी स्वतः किमान शंभर लोकांना सांगितलं असेल. कोणी विचारलं नाही तरी सांगायचो. वर्ध्यात माझा साउंड सर्व्हिसचा धंदा आहे आणि 'बोंडअळी'च्या आठही कार्यक्रमांना मिक्सरवर मीच बसलो होतो, त्यामुळे माझ्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवत.

बोंडअळी हा कॉलेजच्या तीन पोरांचा बँड होता, २०१३ सालचा. पियुष गिटार वाजवायचा आणि गायचा, धनंजय ड्रमवर, आणि बेस गिटारवर रक्षा. बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. गाण्याचा पाया तीच धरते. ते स्वतःला पंक म्हणवून घेत. तीन-चार सूर, भरधाव ठेका, आणि कॉलेजच्या मेसपासून लोडशेडिंगपर्यंत सगळ्यांना वऱ्हाडीतून शिव्या, असा तो प्रकार होता. गाणी फार कोणाला कळत नसत. गर्दी व्हायची ती रक्षाला पाहायला.

ती आर्वीजवळच्या एका खेड्यातली, रूपरावांची थोरली मुलगी. बी.एस्सी.ला वर्ध्यात राहायची. डोक्यावर अर्धा इंच केस, शर्टाला बटणांच्या जागी सेफ्टी पिना, पायात एनसीसीचे बूट. स्टेजवर ती कोणाची भीड ठेवत नसे. एकदा पुढच्या रांगेतल्या पोराने शिट्टी मारली तर तिने वाजवता वाजवता पायातला बूट काढून त्याच्या अंगावर फेकला आणि उरलेलं गाणं एका बुटावर पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी गावभर तीच चर्चा.

पहिल्या कार्यक्रमाच्या आधीच पियुष माझ्याकडे आला होता. म्हणाला, "आदेशभाऊ, रक्षाचा आवाज बाहेर नको देजो. पोरगी स्टेजवर दिसली पाहिजे, ऐकू नाई आली तरी चालते."

मी कारण विचारलं नाही. बँडचा मालक सांगतो तसं करायचं, अशी आमची रीत. मिक्सरवर प्रत्येक वाद्याला एक चॅनेल असतो, तिचा बेस पाचव्या चॅनेलवर होता. त्या चॅनेलची आवाज वरखाली करायची दांडी, जिला आम्ही फेडर म्हणतो, ती मी तळाशी नेऊन ठेवली. तिच्या पायाशी असलेल्या छोट्या स्पीकरच्या बॉक्समधून तिचा आवाज तिला ऐकू येत होता, त्यामुळे तिला शंका यायचं कारण नव्हतं. आठ कार्यक्रम ती जीव तोडून वाजवत होती आणि समोरच्या लोकांपर्यंत त्यातला एक सूरही जात नव्हता.

आठवा कार्यक्रम २०१४ च्या फेब्रुवारीत, एका कॉलेजच्या गॅदरिंगला, दुपारी चारचा. शेवटच्या गाण्यात रक्षा लांब वायर ओढत स्टेजवरून खाली उतरली आणि पोरांच्या गर्दीत, मोठ्या बॉक्सच्या समोर जाऊन उभी राहिली. असं तिने आधी कधी केलं नव्हतं. दोन-तीन मिनिटं ती तिथेच वाजवत राहिली. मग परत वर चढली, माझ्याकडे पाहिलं, गळ्यातली गिटार काढली आणि स्टेजवर आपटली. दुसऱ्या फटक्याला गिटारची मान तुटली. तिचा एक तुकडा उडून पुढे बसलेल्या पाहुण्यांच्या भुवईवर लागला. तीन टाके पडले.

तो व्हिडिओ कोणीतरी फोनवर काढला होता. त्यात एक टकली पोरगी गर्दीत उभी राहून वेड्यासारखी तारा ओढताना दिसते, बेसचा आवाज काही येत नाही, आणि मग ती गिटार फोडते. लोकांनी साहजिकच अर्थ लावला: हिला वाजवता येत नाही, नाटक करते. व्हिडिओ जिल्हाभर फिरला. पाहुण्यांनी त्याच संध्याकाळी तक्रार केली होती. पोलीस स्टेशनात रूपराव आले. दोन तास बाकावर बसून राहिले. पाहुण्यांनी तक्रार मागे घेतल्यावर पोरीला घेऊन आर्वीच्या गाडीत बसले. घरी पोचेपर्यंत ते तिच्याशी एक शब्दही बोलले नाहीत, असं पुढे तिनेच मला सांगितलं. तिचं वर्ध्यातलं राहणं सुटलं, परीक्षा तिने गावाहून येऊन दिली. पियुषने नंतर तीन गाण्यांची सीडी काढली, त्यावर बेस वाजवणाऱ्याचं नाव स्वतःचं टाकलं. आणि मी पानठेल्यावर उभा राहून लोकांना सांगत राहिलो, की बापा, मी तर आठही कार्यक्रमांना होतो, तिले काहीच येत नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीआधी माझा जुना लॅपटॉप मरायला टेकला. आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेत होतो. त्यात 'बोंडअळी ८' नावाचं फोल्डर सापडलं. त्या वर्षी मी नवाच मिक्सर घेतला होता. प्रत्येक वाद्याचा आवाज तो वेगवेगळा लॅपटॉपमध्ये नोंदवायचा, आणि फेडरपर्यंत पोचायच्या आधीच नोंदवायचा. म्हणजे फेडर तळाशी असला तरी आत रेकॉर्डिंग चालूच होतं. नव्याची हौस म्हणून मी तेव्हा बटण दाबलं असावं. पुन्हा कधी ऐकलं नव्हतं.

मी पाचवा चॅनेल लावला, बाकी सगळे बंद केले.

ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. मी या मुलीला आज पहिल्यांदा ऐकत होतो. आठ कार्यक्रम समोर बसून मी तिचा एक सूर ऐकलेला नव्हता, आणि अकरा वर्षं तिच्याबद्दल निकाल देत होतो.

माझ्या कानावर माझा भरवसा उरला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी प्रभाकररावांना बोलावलं. प्रभाकरराव म्हणजे आमच्याकडचे जुने बेसवाले, तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलेले, आणि कोणाचं उगाच कौतुक करणारे नव्हेत. मी नाव न सांगता, एका पोरीचं वाजवणं आहे एवढंच म्हणून हेडफोन दिला. त्यांनी सगळी सहा गाणी डोळे उघडे ठेवून, भिंतीकडे पाहत ऐकली. मग ड्रमसकट पुन्हा ऐकली.

पहिली दहा मिनिटं त्यांनी चुकाच सांगितल्या. तिसरी तार उतरलेली आहे, दुसऱ्या गाण्यात एका कडव्यात बाई पार हरवली आहे, बोटं जड आहेत, तारेवर बोट घासल्याचा आवाज येतो. मी म्हटलं, म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं. त्यांनी हात वर केला.

"थांब ना. हा ड्रमवाला पाह्य, ठेका सोडून पुढं पळून राह्यला. प्रत्येक गाण्यात पळते. ही त्याच्या मागं नाई जात. जाग्यावर उभी राह्यते अन् त्याले वापस आनते. हे शिकवून येत नाई." मग त्यांनी विचारलं, "कोन हाय ही?"

मी नाव सांगितलं. व्हिडिओ त्यांनीही पाहिलेला होता. त्यांनी शेवटचं गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

त्या गाण्यात, व्हिडिओत ती गर्दीत उभी आहे त्या जागी, बेस आधी नीट चाललेला आहे. मग एकदम एक चुकीचा सूर, मोठ्याने. मग दोन ठोके शांतता. पुन्हा तोच चुकीचा सूर. पुन्हा शांतता. मग खालची मोकळी तार चार वेळा, जोरजोरात. प्रभाकररावांच्या ते आधी ध्यानात आलं. मोठ्या बॉक्ससमोर उभं राहिल्यावर तिला आपला आवाज ऐकू आला नाही. तिने मुद्दाम चुकून पाहिलं. बॉक्समधून काही आलं नाही, आणि भोवतीच्या शंभर पोरांपैकी कोणी मानही वळवली नाही. तेव्हा तिला कळलं. जे लोकांना वेड्यासारखं तारा ओढणं वाटलं, ती तपासणी होती.

त्या आठवड्यात मी पियुषच्या दुकानात गेलो. त्याचं आता बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. रेकॉर्डिंगचं सांगितल्यावर तो बराच वेळ गिऱ्हाइकाचं पोतं शिवत बसला. मग म्हणाला, की सीडीवर बेस मीच वाजवला हे खरं, पण सूर तिने बसवलेलेच होते, मी ते पाठ करून वाजवले. आवाज बंद कर म्हणून का सांगितलं होतं, ते त्याने दोन प्रकारे सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा म्हणाला, ती नवी होती, चुकेल अशी भीती वाटायची. नंतर म्हणाला, तिच्यासमोर माझी गिटार पातळ वाटायची. दुसरं खरं असावं. मी त्याला फार टोचलं नाही. माझा हात तर त्याच्याही पुढे होता.

रक्षा आता एसटीत कंडक्टर आहे, आर्वी डेपोला. लग्न झालं, एक मुलगी आहे. आर्वी–वर्धा गाडीवर मी तिला दोन-चारदा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी तिची नजर चुकवून उतरून गेलो होतो. या वेळी मुद्दाम आर्वीला गेलो. दुपारी एकच्या सुमारास ती डेपोच्या कॅन्टीनबाहेर बाकावर डबा खात होती. केस आता लांब, वेणी घातलेली. तिने मला ओळखलं आणि डब्याचं झाकण पुढे करून भाकरी घ्यायला सांगितली.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. फेडर मी खाली ठेवला होता, आठही वेळा.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "वर चढली तवा तुमचा हात त्या दांडीवर, तळाशी पाह्यला ना मी."

"मंग इतक्या वर्सांत मले काही म्हनलं काऊन नाई?"

तिने घास संपवला. "काय म्हनू, आदेशभाऊ? तुमी साउंडवाले. तुमाले कान असते. तुमी बंद केला म्हंजे मी खराबच वाजवत असन, असं वाटलं मले. गिटार फोडली तवा राग तुमचा नव्हता. माया सोताचाच होता."

मी फोन आणि इअरफोन तिच्यापुढे ठेवले. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि ऐकायला बसली. तोंडावरून काही कळत नव्हतं, पण चप्पलेतलं डावं पाऊल ठेक्यावर पडू लागलं. शाळेत २६ जानेवारीच्या परेडला मोठा ढोल तिच्याकडे असायचा, हे तिने मला त्याच दिवशी सांगितलं. पीटीचे सर म्हणायचे, ठोका डाव्या पायावर पडला पाहिजे, तू पळालीस तर सगळी शाळा पळेल. संगीताचं तिचं शिक्षण एवढंच.

"तिसरी तार उतरली हाय," ती ऐकता ऐकता म्हणाली. दुसऱ्या गाण्यात, प्रभाकररावांनी दाखवलेल्या त्याच कडव्याला, तिने जीभ चावली. शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा मात्र तिने इअरफोन काढून ठेवला. पुढचं मला माहीत आहे, म्हणाली.

प्रभाकरराव काय म्हणाले ते मी शब्दाला शब्द सांगितलं, चुकांसकट. चुका ऐकताना ती मान हलवत होती. ड्रमवाल्याचं ऐकल्यावर तिने तोंड दुसरीकडे केलं आणि डेपोत रिव्हर्स येणाऱ्या एका गाडीकडे पाहत राहिली. तिच्या गाडीची वेळ झाली. उठताना तिने विचारलं, "मोठ्या बॉक्सवर लावून द्यान का एकडाव?"

पुढच्या बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, ती माझ्या गोदामात आली. मी सहाही गाणी बेससकट नीट जुळवून ठेवली होती आणि दोन मोठे बॉक्स उभे केले होते. पाचवा फेडर तिलाच वर करायला लावला. तिने तो हळूच, अर्ध्यावर नेला. मी म्हटलं आणखी ने. गाणं संपेपर्यंत ती बॉक्सच्या समोर उभी होती.

नंतर, मी बोलावून ठेवलेल्या प्रभाकररावांनी स्वतःची बेस गिटार तिच्या हातात दिली. अकरा वर्षांनी ती वाईट वाजवत होती, हेही सांगायला हवं. बोटं वळत नव्हती, पंधरा मिनिटांत टोकं लाल झाली. प्रभाकरराव दर मिनिटाला तिला थांबवत आणि ती दर वेळी त्यांच्याशी भांडत होती. जाताना त्यांनी विचारलं की येत्या बुधवारी किती वाजता येशील.

गाणी इंटरनेटवर टाकायची का, असं मी विचारलं. "टाका," म्हणाली, "पन चुका कापू नका." खाली बेस वाजवणाऱ्याचं नाव लिहिलं, आवाज मी बंद ठेवला होता तेही लिहिलं. आजवर साडेचारशे लोकांनी ऐकलं असेल. गिटार फोडल्याचा व्हिडिओ लाखांनी पाहिला, तो अजूनही फिरतोच. गाडीत एखादा पोरगा तिच्या तोंडासमोर फोन धरतो. ती तिकीट फाडून पुढे जाते.

सुट्टी मिळेल त्या बुधवारी ती येते. ऑर्केस्ट्रात वाजवायला मात्र तयार नाही. ड्युटीचं कारण सांगते, मी खोदून विचारत नाही.

मागच्या महिन्यात ती आईला घेऊन आली. देवकाबाईंना गुडघ्यासाठी सावंगीच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, तिथून दोघी इकडे आल्या. मी खुर्ची दिली. लेकीचं गाणं म्हणून त्यांनी एक गाणं पूर्ण ऐकलं, हात मांडीवर ठेवून. संपल्यावर म्हणाल्या, "चांगलं हाय. पन याच्यात तुयं कोनतं?"

रक्षा हसली. लोकांना बेस वेगळा ऐकू येत नाही, हे तिला आता माहीत आहे. तिने मला सगळं बंद करायला लावलं, प्रभाकररावांकडून गिटार घेऊन गळ्यात घातली आणि त्याच गाण्याचा नुसता बेस आईपुढे वाजवला. गाणं नाही, ड्रम नाही, एकच जाड तार, एका चालीत. देवकाबाईंनी तळहात पोटावर ठेवला.

"इथं वाजते हे," त्या म्हणाल्या.

मग चारची आर्वीची गाडी गाठायची म्हणून दोघी घाईने निघाल्या. रक्षाने गिटार भिंतीला टेकवून ठेवली होती, ती प्रभाकररावांनी उचलून पिशवीत घातली.