डावी बाजू बायकोची

काका आत आले की चपला काढायच्या, सदऱ्याची डावी बाही खांद्यापर्यंत गुंडाळायची आणि कुणी सांगायच्या आत पलंगावर आडवं व्हायचं. मग छताकडं बघत म्हणायचं, "हं बाई, करा सुरू. पाऊन घंट्यानं बस हाय."

खरं तर त्यांना काहीच झालेलं नव्हतं.

तुम्ही कधी फिजिओथेरपीच्या खासगी दवाखान्यात गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पहिल्या दिवशी तिथं बोलणंच जास्त होतं. कुठं दुखतं, कधीपासून, खाली बसता येतं का, बसलं तर उठता येतं का. मग हातपाय हलवून बघतात, लागलं तर शेक देतात. खरं औषध म्हणजे व्यायाम, आणि तो पेशंटनं घरी जाऊन रोज करायचा. आमच्या वसमतकडं हे लवकर पटत नाही. "सुई कव्हा मारता?" हा पहिला प्रश्न. "निस्ते हातपायच हालवायचे व्हय?" हा दुसरा.

मी मूळची डोंगरकड्याची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगायला मी लाजत नाही. पदवीची फ्रेम दारातून दिसेल अशीच लावली आहे.

हे काका कुरुंद्याचे. पहिल्या दिवशी बायकोची फाइल घेऊन एकटेच आले. तिला लकवा झालेला, डावा हात आणि डावा पाय गेलेला. नांदेडच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आणलेली.

"पेशंट कुठंय?"

"घरी. ती न्हाई येत."

"काहून?"

"म्हनती, हळद काढायच्या टोळीत सगळ्यायच्या म्होरं असनारी बाई मी. मला गावातून उचलून नेऊ नका. चालता आलं की माझ्या पायानं जाईन." त्यांनी फाइल माझ्याकडं सरकवली. "तुमी मला करून दाखवा. मी तिला करून दाखवतो."

मी म्हटलं, पेशंट बघितल्याशिवाय मी उपचार करत नाही. मी घरी येते.

"परक्या बाईसमोर खाटंवर पडून राहू का, म्हनती. लई हट्टी हाय. मग काय, तशीच पडू देऊ?"

मी फाइल उघडून वाचली आणि पलंगाकडं बोट केलं. मी म्हटलं, "झोपा."

तसं आमचं सुरू झालं. आधी काका बायको व्हायचे, मग नवरा. ती कशी उठते, कशी पडते, पाय कसा ओढते, सगळं करून दाखवायचे. डावा हात लोंबता सोडून, पाय बाहेरून फिरवत ते भिंतीपर्यंत चालले की मला तिचा गुडघा, तिची कंबर दिसायची. बाकावरच्या एका बाईनं एकदा न राहवून विचारलं, "दादा, तुमाला काय तकलीफ हाय?"

"बायको," काका म्हणाले. सगळा बाक हसला.

एके दिवशी तिला कसं उठवता ते त्यांनी माझ्यावरच दाखवलं. मनगट धरून ओढलं. मी ओरडले, "काका! खांदा निखळेल तिचा!"

त्यांचा चेहराच उतरला. पलंगापासून मागं सरकून चपला शोधायला लागले. "सकाळधरून चारदा वढलं म्या तिला. जातो मी."

खांद्याखाली हात कसा द्यायचा ते मी त्यांना दारात उभं करून शिकवलं. पण ते गेल्यावर मन थाऱ्यावर राहीना. पोळी लाटता लाटता हात थांबायचा. न बघितलेल्या बाईचा खांदा मी कुणाच्या भरवशावर सोडलाय?

तरी ती सुधारत होती. "काल खाटंवरून एकलीच उठली. बघा, अशी." मग पंधरा दिवसांनी, "दारापस्तोर." मग, "आंगनापस्तोर. आता येती बघा ती."

पाच महिने झाले होते. एका सोमवारी मी एका आजोबांच्या पाठीला शेक देत होते. काका आले. चपला न काढता, डावा पाय ओढत, हात लोंबवत.

मला हसू आलं. "आज दारापासूनच सुरू? पण काका, हे तर मागं गेलं. टाच आधी टेकव म्हणावं तिला. चाला बरं पुन्हा."

ते चालले. नेहमी ऐकायचे तसंच ऐकलं. भिंतीपर्यंत जाऊन आले. मी म्हटलं, अजून एकदा. अजून एकदा जाऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

तोंड डावीकडं उतरलेलं होतं. पाच महिन्यांत त्यांनी तिचा हात दाखवला, पाय दाखवला. फाइलीत लिहिलेलं तिचं वाकडं झालेलं तोंड एकदाही दाखवलं नव्हतं.

"बाई," जड जिभेनं ते म्हणाले, "हे तिचं न्हाई."

रिक्षा, मग ॲम्ब्युलन्स, मग नांदेड. तिसऱ्या दिवशी ते गेले.

दोन फेऱ्यांना किती वेळ लागतो? रिकाम्या दवाखान्यात मी स्वतः चालून बघितलं. एकदा नाही, कितीदा तरी. आता दारातून कुणी लंगडत आलं की मी 'या, बसा' म्हणत नाही. आधी दोन्ही हात वर करा, हसून दाखवा, नाव सांगा. लोकांना गंमत वाटते. वाटू दे.

दीडेक महिन्यानं दारात एक बाई उभी राहिली. हातात काठी, मागं सून, पण सुनेनं धरलेलं नव्हतं. डावा पाय बाहेरून फिरवत ती आत आली. ही कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती चाल मी पाच महिने बघितली होती.

तिला बसवलं आणि आधी सगळं सांगून टाकलं. मी हसले ते. दोनदा चालायला लावलं ते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी सकाळी उंबऱ्यात पाय आडकला त्यायचा. हात बी लोंबून राहिला होता. मी म्हनलं, आता घरात बी माझी नक्कल करून राहिले काय? ते हसले. मी बी हसले. मग बस धराया गेले."

सून खाली बघत होती.

मग मी उठले, तिच्या डाव्या बाजूला गेले आणि तिचा खांदा हातात घेतला. पाच महिने मी याच खांद्याचे व्यायाम सांगत होते. हात आज पहिल्यांदा लागत होता.