पोरांची बाजू, पोरींची बाजू

दोन हजार साली सरकारनं पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं आणि आमच्या जळबा गुरुजींची झोप उडवली. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला आमची दोन मास्तरांची शाळा. मी नुकताच नोकरीला लागलेलो, गुरुजी निवृत्तीकडे झुकलेले. मराठी असं शिकवायचे की गुरांमागं जाणारं पोरगंही कविता म्हणत जायचं. पण इंग्रजीत ते स्वतःच मॅट्रिकला आपटलेले. हुकूम काढणाऱ्याच्या बापाचं काय जातं? वर्गात उभं राहायचं जळबा गुरुजींनी!

हिंगोलीच्या प्रशिक्षणातून ते चित्रांची कार्डं घेऊन आले. दोन शब्द जोडून एक होणारे इंग्रजी शब्द होते त्यावर. हे मात्र त्यांना आवडलं. "आपल्या देवघर, पोळपाटावानीच हाय की हे," म्हणाले. फक्त बटरफ्लायपाशी गाडं अडलं. लोणी आणि माशी मिळून फुलपाखरू कसं होतं, हे ते मला पुन्हापुन्हा विचारायचे. मला तरी कुठं माहीत होतं!

पाठ करून घ्यायची युक्ती त्यांनी आपल्या तरुणपणातून काढली. तेव्हा ते भीमगीतांच्या गायन पार्टीत असायचे. गायक ओळ उचलणार, कोरस ती पुरी करणार. वर्गातही त्यांनी तेच केलं. पोरं डावीकडं, पोरी उजवीकडं. पोरं ओरडायची "सन", पोरी म्हणायच्या "फ्लॉवर". मग "रेन", "कोट". "फूट", "बॉल". नियम एकच, पण कडक. आपला वाटा आपण बोलायचा, दुसऱ्याच्या वाट्याला तोंड लावायचं नाही. कुणी लावलंच तर गुरुजी त्याला उभं करायचे. काय रंग चढायचा! रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकायची. तपासणीला आलेले भावसिंग साहेब तर पाठ थोपटून गेले.

पोरींच्या बाजूला सगळ्यात पुढं दीक्षा बसायची. सोजराबाईची लेक. सोजराबाई आणि तिचा नवरा दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. दीक्षा आजीजवळ राहायची, म्हणून तिची शाळा टिकली. ती चौथीत असताना आजी वारली. आता पोरीला मागं ठेवायचं कुणाजवळ? वाट एकच होती. वसमतला एका संस्थेची मुलींची निवासी शाळा होती, पाचवीपासून, राहणं-खाणं फुकट. जागा मोजक्या, आणि प्रवेशासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा. पास झाली तर दीक्षा शिकणार. नाही तर धाकट्या भावाला सांभाळायला उसाच्या फडावर जाणार.

"गुरुजी, तिला येतं का बराबर?" सोजराबाईनं विचारलं.

"वर्गात तिच्याइतकं कुणाला येत न्हाई," गुरुजी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

मे महिन्यात गुरुजी, मी आणि मायलेकी असे चौघं एसटीनं वसमतला गेलो. दीक्षाच्या केसांना सोजराबाईनं इतकं तेल लावलं होतं की कपाळ चमकत होतं. परीक्षा घेणाऱ्या मॅडम चित्रांची कार्डं दाखवून विचारत होत्या. त्यांनी तिला आत बोलावलं. आम्ही दारात उभे राहिलो. पहिलंच कार्ड सूर्यफुलाचं निघालं, आणि गुरुजींनी माझा हात दाबला. आयती गंगा दारी आली होती.

दीक्षानं चित्राकडं पाहिलं. थोडी थांबली. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "फ्लॉवर."

"पूर्ण सांग बाळ," मॅडम म्हणाल्या. दीक्षानं डावीकडं पाहिलं. तिथं नुसतं कपाट होतं. मॅडमनी रेनकोट दाखवला. ती पुन्हा थांबली आणि म्हणाली, "कोट." फुटबॉलला म्हणाली, "बॉल."

गुरुजींच्या घशाशी तो पहिला शब्द आलेला मला दिसत होता. शिपायानं त्यांना मागं सारलं. "गुरुजी, बोलायचं नाही." वर्गात आयुष्यभर बोललेला माणूस दाराच्या चौकटीला धरून मुका उभा राहिला. मला इतका राग आला होता, पण तो काढायचा कुणावर?

शेवटी मॅडमच बाहेर आल्या. "मुलगी गोड आहे हो, पण तिला शब्द अर्धेच येतात. बाकीच्या पूर्ण सांगतात. या वर्षी जमणार नाही."

"मॅडम, येतंय तिला," गुरुजी हात जोडून म्हणाले. "फक्त कुणी आधी सुरुवात केली की..."

"इथं सुरुवात कोण करून देणार, गुरुजी?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला आत घेतलं. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

स्टँडवर गाडीची वाट बघताना गुरुजींनी दीक्षाला जवळ घेतलं. "बाई, तुला सन येत न्हाई का गं?"

"येतं की. सनफ्लॉवर. रेनकोट. फुटबॉल. समदे येतात."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

दीक्षानं त्यांच्याकडं नवलानं पाहिलं. "सन पोरांचं हाय, गुरुजी. पोरं आलीच न्हाईत तर मी काय करू? दुसऱ्याचं बोलायचं न्हाई म्हणून तुमीच सांगितलंय."

सोजराबाईला यातलं काही कळलं नव्हतं. पोरगी आता फडावर येणार एवढंच तिला ठाऊक होतं. तरी जाताना गुरुजींना बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "लेकरू गुणाचं हाय. तुमच्या शब्दाच्या भाईर कधी गेली न्हाई."