सेननमामाचा एकुलता एक गोल

माझा मामा सेनन कॉन्सिडाइन एकवीस वर्षं आमच्या किलब्रॅक गावाकडून हर्लिंग, म्हणजे आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ, खेळला आणि एवढ्या वर्षांत मैदानाची मधली रेघ त्यानं एकदाही ओलांडली नाही. फुलबॅक ना तो! आपल्या गोलापुढं ठाण मांडायचं आणि चेंडू आला की काठीनं असा हाणायचा, की पलीकडच्या कुरणातल्या गाईंनी चरणं सोडून वर बघावं. "रेघेपलीकडं मला पासपोर्ट लागतो," म्हणायचा.

ज्युनियर, म्हणजे खालच्या दर्जाच्या संघांच्या, कपाच्या पाच फायनल खेळला, पाचही हरला. सहावीच्या दिवशी तो एक्केचाळीसचा होता, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. "आता हे शेवटचं," न्याहारीला बसताना म्हणाला.

"मागच्या वर्षीही शेवटचंच होतं," आई सॉसेज वाढत म्हणाली.

"या वेळी खरंच गं ताई. गुडघे संपले. आज मेडल मिळालं तर मिळालं, नाहीतर जन्मात नाही."

तिनं आणखी एक सॉसेज त्याच्या ताटात टाकलं.

मैदानात त्याच्या वाट्याला समोरच्या टबरडून संघाचा फॉरवर्ड, लिलिस. पंधरा वर्षं हे दोघं एकमेकांच्या बरगड्या मोजत आलेले. लिलिसचा आवाज म्हणजे कानाशी डास. "काय म्हातारबा, गुडघे काय म्हणतात?"

"तुझीच चौकशी करतात. कोपर कसंय?"

"तुझ्या पोटात जाऊन आलं आत्ताच. विचार त्यालाच."

शेवटचं मिनिट आलं आणि आम्ही दोन गुणांनी मागं. तेवढ्यात टबरडूनवाल्यांनी आमच्या पोराला त्यांच्या गोलापुढं वीस मीटरवर आडवा केला. फ्री, म्हणजे आम्हाला मोकळा फटका! पण फ्री घेणारा आमचा गडी बोट मोडून बाकावर बसलेला. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत उभे. आणि पलीकडच्या टोकाहून मामा निघाला. चालत.

"वाट चुकला का हा?" मागून कुणीतरी.

"सेनन! मेल्या, माघारी फिर!" ही आई.

आमचे प्रशिक्षक गॅरिही मास्तर. सर्दी नसतानाही नाक चोंदल्यासारखं बोलतात, 'म'चा 'ब' करून. "दांड्यावरूद बार रे! एक गुण घे! बग बघू!"

"मास्तर, मग म्हणजे कधी? पुढल्या वर्षी?"

चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावरून गेला तर एक गुण, खाली जाळ्यात गेला तर तीन. मामाला तीनच हवे होते. टबरडूनचे झाडून सगळे गोलाच्या रेघेवर उभे राहिले, पार लिलिससुद्धा. मामा आयुष्यभर असल्याच रेघेवर उभा राहिलेला. लिलिसकडं बघून त्याला काय ते कळलं. फॉरवर्ड माणूस! काठी छातीशी धरून उभा, फोटो काढायला उभा राहावा तसा. बचाव करणारा कधी अशी काठी धरत नाही, कारण कमरेला येणारा चेंडू ना हाताला सापडतो ना काठीला.

मामानं काठीच्या पात्यानं चेंडू उचलला, हवेत उडवला आणि ठाण्!

लिलिसनं हात खाली नेला, काठी वर नेली, आणि त्याच्या कमरेला घासून चेंडू जाळ्यात. पांढऱ्या कोटातल्या पंचानं हिरवं निशाण असं फडकावलं, जणू गोल त्यानंच मारलाय. रेडिओवरचा निवेदक तर भाषाच विसरला: "कॉन्सिडाइन! फुलबॅक! अहो देवा! आई गं! कॉन्सिडाइन!" चेंडू परत खेळात येतो न येतो तोच शिट्टी वाजली. आई कुंपणावरून उडी मारून आत. तीही गुडघ्याचीच पेशंट.

त्या संध्याकाळी आमच्या गावाच्या हद्दीपासून चर्चपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडेला स्वागताच्या होळ्या पेटल्या होत्या. कप हातात घेऊन मामा सगळ्यांच्या पुढं चालत होता, मेडल दातात धरून.

आता तो खेळत नाही. पण पबात लिलिस भेटला की छाती पुढं काढतो. "अख्ख्या क्लेअर परगण्यात माझ्यासारखा फॉरवर्ड झाला नाही बघ. एक फटका, एक गोल. शंभर टक्के!"

"मग इतकी वर्षं कुठं लपला होतास रे?"

"तुझ्यामागं धावत होतो, गाढवा. चल, आज तू पाज."